हवा चांगली म्हणून गाव बदलावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांगल्या हवेच्या गावात माणूस खरंच जास्त सुखी होतो का?

थोडाफार होतो. पण जायच्या आधी आपण जितकं धरून चालतो, तितका होत नाही. मुंबईतून पुणे, नाशिक, वाई, पाचगणीकडे बघणारी कुटुंबं असोत, की न्यू जर्सीतून कॅलिफोर्नियाकडे बघणारी, बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं: डिसेंबरची सकाळ, कोवळं ऊन, हातात चहा. राहायला गेल्यावर मात्र एप्रिलची दुपार, जुलैची ओल आणि मे महिन्यातला पाण्याचा टँकरही त्याच पत्त्यावर येतो. म्हणून गावाची पारख त्याच्या सर्वांत वाईट महिन्यावरून करा, आणि तुमच्या घरातली माणसं रोज किती तास उघड्यावर असतात हे त्याला जोडून बघा. खालची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

कॅलिफोर्नियाच्या ज्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो, त्यात नेमकं काय दिसलं?

डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन या दोन संशोधकांचा हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आणि कडक हिवाळ्याच्या मिशिगन-ओहायो भागातल्या विद्यापीठांमधल्या सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांना त्यांनी प्रश्न विचारले. काहींना स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारलं, तर काहींना दुसऱ्या भागात राहणाऱ्या, आपल्यासारख्याच कुणाबद्दल. एकूण आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं. तरीही दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातली मुलं जास्त सुखी असणार.

कॅलिफोर्नियातली मुलं आपल्या हवेवर खरोखरच जास्त खूश होती, हे त्यातलं महत्त्वाचं. फक्त त्या खुशीचं वजन एकूण आयुष्याच्या तराजूत फारसं पडत नव्हतं. दोन ठिकाणांची तुलना करायला बसलं की ठळक फरकाकडेच लक्ष जातं, आणि परीक्षा, मैत्री, पैसा, घरची माणसं या रोजच्या गोष्टी नजरेआड होतात. जागतिक आनंद अहवालात २०१८ पासून सलग पहिला येणारा फिनलंड हा लांब, काळोख्या हिवाळ्याचा देश आहे, तेही याच्याशी जुळतं.

म्हणजे हवेचा विचारच करू नये?

करावा. 'सुखद' आणि 'साधारण' यांतला फरक वर्षभरात अंगवळणी पडतो. 'साधारण' आणि 'असह्य' यांतला पडत नाही. रात्रभर घामाने झोप न लागणं, ओलीमुळे दमा उसळणं, उन्हामुळे सत्तरीतल्या माणसाचं दोन-दोन महिने बाहेर पडणं बंद होणं, याची सवय होत नाही. उलट दर वर्षी ते जास्त जड जातं.

दुसरी गोष्ट उघड्यावरच्या तासांची. वातानुकूलित कार्यालयात आठ तास आणि गाडीत दोन तास घालवणाऱ्याला बाहेरच्या हवेचे दिवसाला जेमतेम वीस मिनिटं मिळतात. सकाळ-संध्याकाळ फिरणारे निवृत्त लोक, खेळणारी मुलं, बाग करणारे, सायकलवर कामाला जाणारे यांना मात्र हवेची पुरेपूर किंमत वसूल होते. एक आठवडा घरातल्या प्रत्येकाचे उघड्यावरचे तास वहीत लिहा. बेरीज दिवसाला एक तासाच्या आत असेल, तर हवेसाठी जास्त भाडं किंवा जास्त हप्ता भरणं आमच्या मते परवडत नाही.

'सरासरी तापमान २५ अंश' असं लिहिलेलं असतं. त्यावर भरवसा ठेवावा का?

एकट्या सरासरीवर कधीच ठेवू नका. मे महिन्यात मुंबईचं दुपारचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं आणि पुण्याचं ३७ च्या आसपास. म्हणजे दुपारी पुणं जास्त तापतं. तरीही लोक पुण्याच्या हवेलाच चांगलं म्हणतात, कारण मे महिन्यात पुण्याची रात्र २२-२३ अंशांपर्यंत उतरते आणि मुंबईची २७ च्या खाली फारशी जात नाही. शिवाय एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेपाचला पुण्यात आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, तर मुंबईत ६० च्या वर. पुण्यात घाम वाळतो आणि अंग थंड होतं. मुंबईत तो वाळतच नाही, म्हणून नुसता चिकचिकाट.

यातून एक व्यवहाराची गोष्टही निघते. पाण्याचा कूलर पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूरला उन्हाळ्यात उत्तम चालतो, कारण हवा कोरडी असते. मुंबई, कोकण आणि गोव्यात तोच कूलर खोलीत दमटपणा वाढवतो.

आकडे बघायचे तर हवामान खात्याचे तीस वर्षांचे सरासरी तक्ते घ्या (आताचा कालखंड १९९१ ते २०२०) आणि त्यात प्रत्येक महिन्याच्या पाच गोष्टी तपासा: सरासरी कमाल, सरासरी किमान, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता, एकूण पाऊस आणि पावसाचे दिवस. ज्या दिवशी निदान २.५ मिमी पाऊस पडतो तोच तिथे 'पावसाचा दिवस' धरतात, त्यामुळे नुसत्या भुरभुरीचे दिवस त्यात येत नाहीत. आम्ही सगळ्यांत आधी उन्हाळ्यातलं किमान तापमान बघतो. रात्र २५ अंशांच्या खाली उतरत असेल तर पंख्यावर झोप लागते. उतरत नसेल तर विजेच्या बिलाची तयारी ठेवा.

उंचावर गेलं की किती गारवा मिळतो?

दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. पुणं सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, म्हणजे पाच-सहा अंशांचा फरक. मे महिन्यात तो स्वर्गीय वाटतो.

पण सह्याद्रीत उंचीइतकाच महत्त्वाचा आहे तो पाऊस, आणि तो काही किलोमीटरांत पालटतो. घाटमाथ्यावरच्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस पडतो. तिथून विसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत तो साधारण एक-तृतीयांश उरतो, आणि घाट उतरून वाईत आलात की हजार मिमीच्या आत. ढग माथ्यावर रिकामे होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया सुरू होते. म्हणून बारमाही राहण्यासाठी महाबळेश्वरपेक्षा पाचगणी सोपी आणि पाचगणीपेक्षा वाई सोपी. 'थंड हवेचं ठिकाण' या एका नावाखाली तिन्ही मोजू नका.

जमीन घ्यायची असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे बांधकाम आणि झाडतोडीवर कडक बंधनं आहेत. आणि महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. 'नंतर एनए (बिगरशेती) करून देतो' या तोंडी आश्वासनावर विसार देऊ नका.

गाव बघायला कधी जावं?

तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी निदान तीन रात्री. सुट्टीच्या हंगामात अजिबात नाही.

पहिली खेप एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. दुपारी तीन वाजता ते घर बघा, सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताला आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. रात्री दहा वाजता पुन्हा त्याच भिंतीला हात लावा. अजून ऊब जाणवली, तर ती भिंत रात्रभर खोलीत उष्णता सोडणार. नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती तास येतं हे विक्रेत्याला विचारू नका, शेजारच्या वॉचमनला आणि किराणावाल्याला विचारा.

दुसरी खेप जुलैच्या उत्तरार्धात. कपाट उघडून वास घ्या. वीज किती वेळा जाते, दूध आणि भाजी रोज येते का, डॉक्टरकडे जायचा रस्ता पाण्याखाली जातो का, दरड कोसळून घाट बंद होतो का, हे तेव्हाच कळतं.

तिसरी खेप डिसेंबर-जानेवारीत, पहाटे. निफाड-नाशिक पट्ट्यात थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्याही खाली जातो. हृदयविकार किंवा दमा असलेल्या वडीलधाऱ्यांना ती पहाट सोसत नाही.

पावसाळ्यातली ओल घरात येते की भिंतीतूनच असते, हे कसं ओळखायचं?

साधारण एक फूट बाय एक फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद बसवा. चोवीस तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय: बाहेरचा गिलावा तडकलाय, गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय किंवा जोत्यातून ओल चढतेय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीची हवाच दमट आहे, म्हणजे हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न आहे. लोक पहिल्या आजाराला दुसऱ्याचं औषध देतात. आतून महागडा रंग मारतात आणि पुढच्या जुलैत त्याचे पोपडे निघतात. भिंतीतली ओल बाहेरूनच बंद करावी लागते, आणि तीही उन्हाळ्यात, भिंत पूर्ण वाळल्यावर.

खोलीसाठी आर्द्रतामापक घ्या, तो स्वस्तात मिळतो. आकडा ६० टक्क्यांच्या आत असावा. ७० च्या वर बरेच दिवस राहिला की चामडं, पुस्तकं, गाद्या, कॅमेऱ्याची भिंग यांवर बुरशी धरते. कपाटं भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढून ठेवा आणि ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. महाबळेश्वरला पावसाच्या तोंडाच्या भिंती गवताच्या किंवा प्लॅस्टिकच्या आवरणाने झाकायची पद्धत आहे. दिसायला ते कसंही दिसो, तिथल्या पावसावरचा तो अगदी योग्य उपाय आहे.

घराची दिशा कोणती असावी?

महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्याचा मार्ग लक्षात घेतला तर उत्तर सरळ आहे. पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि नंतर जुलैच्या शेवटापर्यंत किंचित उत्तरेकडून जातो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. म्हणून दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर मे महिन्यात तिथून थेट ऊन येत नाही, आणि डिसेंबरात भर दुपारी छज्जाची सावली खिडकीच्या वरच्या सव्वादोन फुटांवर पडून खालून ऊन आत येतं. जेव्हा हवं तेव्हाच हवं तितकं.

पश्चिमेच्या खिडकीला छज्जाचा उपयोग नाही, कारण तिथलं ऊन आडवं येतं. तिला बाहेरून बांबूची चीक, उभ्या पट्ट्या किंवा झाडच हवं. आतला पडदा उशिरा येतो, तोवर उष्णता काचेतून आत शिरलेली असते. झोपायची खोली पश्चिमेला असलेला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट कितीही स्वस्त मिळाला तरी नीट विचार करा. घेतलाच तर मार्चमध्ये गच्चीला चुन्याचा किंवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात द्या.

भरपूर ऊन आहे, मग सौरऊर्जेने किती वाचेल?

उन्हाळी गावाचा हा खरा फायदा, आणि फार लोक तो वापरत नाहीत. चार जणांच्या घराला दीडशे ते दोनशे लिटरचा सौर बंब पुरतो. बोअरचं पाणी जड असेल तर तांब्याच्या नळ्यांच्या पॅनेलमध्ये क्षार साचून दोन-तीन वर्षांत पाणी कोमट येऊ लागतं. जुलै-ऑगस्टला विजेचा गीझर लागणारच, तो काढून टाकू नका.

विजेच्या पॅनेलला दर किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, १८-२० अंश कलते ठेवा. पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर जरी पडली तरी जोडलेल्या सगळ्या पॅनेलांचं उत्पादन उतरतं, ही सर्रास होणारी चूक. कोरड्या महिन्यांत दर दहा-पंधरा दिवसांनी धूळ पुसा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरलं. अर्ज करण्याआधी चालू दर पोर्टलवर बघून घ्या.

ऊन जास्त म्हणजे पाणी कमी, हे खरं का?

बऱ्याचदा खरं. कमी पाऊस आणि निरभ्र आकाश यांनीच हवा 'छान' होते. बंगळूर ९०० मीटरच्या वर वसलेलं, हवेसाठी नावाजलेलं शहर. कावेरीचं पाणी तिथे सुमारे शंभर किलोमीटरवरून, डोंगर चढवून पंपाने आणावं लागतं. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटल्यावर मोठमोठ्या सोसायट्यांना टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं.

हिशेब असा करा: माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरांसाठीचं सरकारी मानक. चौघांचे ५४० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर अठरा दिवस. मार्च ते जून पूर्ण टँकरवर काढायचे झाले तर सहा-सात टँकर. गावातला टँकरचा मे महिन्यातला भाव विचारा आणि ती रक्कम घराच्या खर्चात धरा.

थंडीत हवा स्वच्छ असते ना?

गार असते, स्वच्छ असेलच असं नाही. डिसेंबर-जानेवारीच्या शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या थरापेक्षा गार होते आणि झाकण बसल्यासारखा धूर, धूळ खाली अडकते. सकाळी साडेसहा-सातला, ज्या वेळी सगळे फिरायला निघतात, तेव्हाच सूक्ष्म कणांचं प्रमाण जास्त असतं. हिवाळ्यात फेरफटका नऊनंतर किंवा संध्याकाळी लवकर ठेवा. सुंदर उन्हाचं लॉस एंजेलिस याच कारणाने धुरक्यासाठी कुप्रसिद्ध झालं: डोंगरांनी वेढलेली वाटी, वाहनांचा धूर, आणि त्यावर उन्हाने होणारी रासायनिक क्रिया. १९५० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी ती उलगडून दाखवली.

आणि गाजरगवत विसरू नका. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेलं हे तण आज मोकळ्या प्लॉटवर सगळीकडे दिसतं. त्वचेच्या आणि श्वासाच्या ॲलर्जीचं ते मोठं कारण आहे. घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ते आहे का, एवढं पावसाळ्याच्या खेपेत बघाच.

डॉक्टर पूर्वी हवापालट सांगायचे. त्यात काही तथ्य होतं का?

क्षयावर औषध नव्हतं तेव्हा विश्रांती, खाणं आणि मोकळी हवा हाच उपचार होता. म्हणून पाचगणी, देवळालीसारख्या कोरड्या हवेच्या गावांत आरोग्यधामं उभी राहिली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढे औषधोपचाराने चित्र पालटलं. आज क्षयासाठी गाव बदलण्याची गरज नाही, गोळ्या न चुकता घेण्याची आहे.

दम्याला ओल आणि बुरशी खरोखर बाधतात, त्यामुळे कोरड्या गावात आराम पडू शकतो. सांधेदुखीचा संबंध सौम्य आहे. २०१९ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी मोबाइलवरून नोंदी गोळा केल्या, तेव्हा दमट, वाऱ्याच्या आणि कमी दाबाच्या दिवशी दुखणं थोडं वाढलेलं दिसलं. थोडंच. गुडघ्यासाठी गाव बदलण्याआधी व्यायाम आणि वजन बघा.

उन्हात राहून ड जीवनसत्त्व आपोआप मिळतं का?

नाही, म्हणूनच इतक्या उन्हाच्या देशात त्याची कमतरता सर्रास आढळते. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते तेव्हाच्या उन्हातच हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण पुरेसे असतात. डिसेंबरात पुण्या-मुंबईकडे ही वेळ साधारण साडेअकरा ते दीड. कोवळ्या उन्हाने प्रसन्न वाटतं, झोपेचं घड्याळही नीट लागतं, पण हे जीवनसत्त्व फारसं मिळत नाही. काचेच्या आड बसून तर नाहीच.

आम्ही स्टॉकहोम, लंडन, टोरांटोला आहोत. हिवाळ्यात येणारी उदासी मनाचे खेळ आहेत का?

अजिबात नाहीत. मुंबईचा सर्वांत लहान दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो. लंडनचा आठ तासांच्या आत, स्टॉकहोमचा सहाच तासांचा. आपल्याकडे वाढलेल्या शरीराला हा धक्का मोठा असतो. त्रास थंडीपेक्षा उजेड कमी असण्याचा आहे, त्यामुळे हीटर वाढवून उपयोग होत नाही. सकाळी उठल्यावर लगेच १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर वीस-तीस मिनिटं बसणं हा रुळलेला उपचार आहे. दिवा डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर ठेवायचा आणि थेट त्यात बघायचं नाही. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन आठवडे सलग उदासी, झोप-भुकेत बदल, कशातच मन न लागणं असं असेल तर वसंताची वाट न बघता मदत घ्या.

चांगल्या हवेच्या गावात घरं महाग का?

कारण हवेची किंमत जमिनीत मुरते. १९८२ मध्ये अर्थतज्ज्ञ जेनिफर रोबॅक यांनी हे नीट मांडलं: जिथे राहणं सुखद, तिथे लोक जास्त भाडं आणि कमी पगार स्वीकारतात. म्हणजे चांगली हवा फुकट नसते, दर महिन्याला तिचा हप्ता असतो. कॅलिफोर्नियात तर हप्ता इतका वाढला की लोक बाहेर पडू लागले, आणि २०२० च्या जनगणनेनंतर त्या राज्याची संसदेतली एक जागा इतिहासात प्रथमच कमी झाली. त्याच कोरड्या हवेने जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगी भडकवल्या.

पुण्याबाबत मनाला लागतं ते वेगळंच. 'पेन्शनरांचं गाव' म्हणून हवेच्या ओढीने माणसं आली, त्यांच्यासाठी झाडं आणि वाडे जाऊन काँक्रीट उभं राहिलं, आणि त्या काँक्रीटने रात्रीचा गारवाच कमी केला. म्हणून परिसर निवडताना जुनी झाडं किती उभी आहेत आणि आजूबाजूच्या रिकाम्या जागांवर कसलं आरक्षण आहे, ते विकास आराखड्यात बघा. दहा वर्षांनंतरची तुमच्या खिडकीतली हवा तिथे कळते.

हवेपेक्षा काय जास्त महत्त्वाचं मानावं?

साठीच्या पुढे असाल तर अर्ध्या तासात पोहोचता येईल असं, अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय. ते पावसाळ्यातल्या रात्री किती वेळात गाठता येतं, हे स्वतः गाडी काढून मोजा. मग बोलायला माणसं. थंड हवेच्या बंगल्यात एकट्याने काढलेला पावसाळा फार लांब असतो. जुनी ओळख, वाचनालय, भजनी मंडळ, नाट्यगृह, नातवंडांना यायला सोपी गाडी यांतलं निदान दोन तरी चालत्या अंतरावर किंवा रोजच्या आवाक्यात हवं.

विकत घेण्याआधी खात्री कशी करायची?

भाड्याने राहून. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार १ एप्रिलपासून करा, म्हणजे उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि थंडी हे तिन्ही ऋतू त्यात येतात. ऑक्टोबरात सुरू केलात तर चार-पाच महिने गाव आपलं सर्वांत गोड रूप दाखवतं, आणि लोक जानेवारीतच विसार देऊन मोकळे होतात. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं बंधनकारक आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. जुनं घर या काळात विकू नका, भाड्याने द्या. दर महिन्याच्या शेवटी चार आकडे लिहा: विजेचं बिल, पाण्याचा खर्च, औषधांचा खर्च आणि किती दिवस संध्याकाळी बाहेर फिरता आलं. फेब्रुवारीत वही उघडून एप्रिल-मे आणि जुलै-ऑगस्टची पानं आधी वाचा.